तोच पाठ, पुन्हा एकदा

"बाई, आज शेवटचा पाठ झाला. सुटले एकदाची!"

परवा आमच्याकडे सराव पाठांसाठी येणारी एक छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेणारी मुलगी, स्टाफरूममध्ये आली, धपकन खुर्चीत बसली आणि हे म्हणाली. निरीक्षण वहीत शेवटची सही पडली होती, तक्ते गुंडाळून काखेत होते, हाताला खडू तसाच. मला हसू आलं. 17 वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले होते, बहुतेक याच सुरात. पण घरी जाताना ते 'सुटले' काही डोक्यातून जाईना. शिकवायला शिकण्यासाठी जे मोजके दिवस वर्गात मिळतात, त्यातूनच सुटावंसं का वाटतं?

माझं उत्तर सरळ आहे. आपण पाठ मोजतो. इतके पाठ झाले, इतक्या सह्या झाल्या, म्हणजे अनुभव झाला. आकडा भरला की सुटका. मला विचाराल तर पाठांची संख्या निम्मी करा, पण प्रत्येक पाठ दोनदा घ्यायला लावा. एकदा घ्या, मुलांच्या वह्या बघा, कुठे चुकलं ते शोधा, बदला, आणि तोच पाठ पुन्हा घ्या. पहिल्यांदा पाठ घेताना माणूस शिकवत नसतोच, तो स्वतःला सांभाळत असतो. शिकवायला सुरुवात होते ती दुसऱ्यांदा.

हे मला कुणी व्याख्यानात सांगितलं नाही. अपूर्णांकांनी सांगितलं.

माझा तिसरा की चौथा सराव पाठ. विषय अपूर्णांकांची बेरीज. टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, असं देखणं की फ्रेम करून लावावं. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, मूल्यमापन, प्रत्येक रकाना काठोकाठ भरलेला. रंगीत कागद कापून केलेले तक्ते. गुंडाळफळ्यावर उदाहरणं आधीच लिहिलेली. मागच्या बाकावर निरीक्षक. पाठ घड्याळाला लावल्यासारखा झाला. शेरा आला : आवाज स्पष्ट, फलकलेखन नीटनेटके, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. हा उत्तम सहभाग म्हणजे पहिल्या दोन बाकांवरचे तेच पाच हात होते, हे मला ठाऊक होतं. निरीक्षकांनाही ठाऊक असावं. पण शेऱ्यात हात मोजायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या नेहमीच्या बाईंनी माझ्यासमोर वह्यांचा गठ्ठा ठेवला. "तुमच्याच गृहपाठाच्या आहेत, तुम्हीच तपासा." तपासायला बसले. 1/2 अधिक 1/3, उत्तर 2/5. पुढची वही, 2/5. त्याच्या पुढची, 2/5. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झालं. जवळजवळ निम्म्या वर्गाने हेच केलं होतं. आणि त्यातली काही त्या पाच हातांपैकी.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "2/5 मोठा की 1/2?" मी कागदावर मांडून पाहिलं. 2/5 लहान. म्हणजे अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, आणि हे विचित्र आहे असं वर्गात एकालाही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर वह्या तपासताना मलाही वाटलं नव्हतं. मी नुसती लाल फुली मारत सुटले होते.

"उद्या शेजारच्या तुकडीवर हाच पाठ घ्या," त्या म्हणाल्या. "टाचण नका आणू."

त्या रात्री मला झोप आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या दिवशी तक्ते घरीच ठेवले आणि फळ्यावर थेट ते चुकीचं उत्तर लिहिलं. "कुणीतरी हे असं सोडवलंय. पटतंय का?" आधी सगळे म्हणाले, पटतंय. मग मागून एक मुलगा पुटपुटला की अर्ध्यात भर टाकली तर अर्ध्याहून कमी कसं होईल. त्याच्या शेजारचा म्हणाला, पण नियम तसाच आहे ना. कुठला नियम, कुणी सांगितला, असं करत वर्गात जी जुंपली ती घंटा होईपर्यंत. समच्छेद करायचं राहूनच गेलं. टाचणाच्या हिशेबाने तो पाठ साफ फसला. निरीक्षक असते तर 'वेळेचे नियोजन सुधारावे' असा शेरा नक्की होता. पण त्या तासाला मला पहिल्यांदा कळलं की मुलांच्या डोक्यात आधीपासून काहीतरी भरलेलं असतं, आणि आपलं शिकवणं त्याच्यावर जाऊन आदळतं. रिकाम्या जागी पडत नाही.

आता गंमत बघा. ही 'पुन्हा घ्या'ची कल्पना काही माझी नाही आणि त्या बाईंचीही नाही. ती प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमातच आहे. सूक्ष्म अध्यापन आपण सगळ्यांनी केलंय. 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केलं. विद्यार्थी मोजके, वेळ काही मिनिटांचा, एका वेळी एकच कौशल्य. मग लगेच चर्चा, फेरआखणी, आणि तोच तुकडा दुसऱ्या मुलांसमोर पुन्हा. आपण परीक्षेसाठी पाठ केलेला तक्ता आठवा : अध्यापन 6 मिनिटं, प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं) 6, पुनर्नियोजन 12, पुनर्अध्यापन 6, पुन्हा प्रत्याभरण 6. एकूण 36. सगळ्यात जास्त वेळ कशाला दिलाय? पुनर्नियोजनाला. विचार करायला. शिकवण्याच्या दुप्पट.

आणि प्रत्यक्षात त्याचं काय होतं? समोर मुलं नसतातच. आपल्याच मैत्रिणी सहावीची मुलं होऊन बसतात आणि "बाई मी, बाई मी" करत हात वर करतात. त्यांना उत्तर येत असतं, चुकायचं नाटकही त्या नीट करत नाहीत, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो. पुनर्अध्यापनाचा रकाना आदल्या रात्रीच भरून ठेवलेला. मीही भरलाय, उगाच साळसूदपणा नको. प्रस्तावना कौशल्य, प्रश्न कौशल्य, प्रबलन कौशल्य, चेतक बदल ही नावं उरली, आणि ज्याच्यासाठी तो सगळा खटाटोप होता ती दुसरी फेरी गळून पडली.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. "एवढं काय त्यात? शिकवणं तर आपण लहानपणापासून बघतोय." बघतोय खरं. डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1975 मध्ये हिशेब मांडला होता की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या सहवासात गेलेले असतात. दुसऱ्या कुठल्या व्यवसायाची एवढी उमेदवारी कुणी नकळत करत नाही. पण हे सगळं बघणं बाकावरून झालेलं. नाटक रोज पुढच्या रांगेतून बघितलं म्हणून विंगेत काय चालतं ते कळत नाही. बाईंनी हेच उदाहरण का घेतलं, ते मधेच का सोडलं, त्या मुलाला विचारता विचारता थांबल्या का, यातलं काहीच बाकावरून दिसत नाही. दिसतो तो आवाज, खडू आणि दरारा. म्हणून तर पहिल्या पाठाला आपण आपल्याच एखाद्या जुन्या बाईंसारखे हातवारे करत उभे असतो.

निरीक्षणाचे तासही तसेच वाया जातात. आम्ही मागे बसून काय लिहायचो? फळ्यावर जे येई ते, आणि 'शिक्षिकेने प्रश्न विचारला, विद्यार्थ्याने उत्तर दिले'. हल्ली मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते की माझ्याकडे बघूच नका. एक मूल निवडा, शक्यतो गप्प बसणारं, आणि अख्खा तास त्याच्याकडे बघा. ते वहीत कधी लिहितं, कधी शेजाऱ्याचं उतरवतं, मी प्रश्न विचारला की पेन्सिलीला टोक कसं काढायला लागतं, हे टिपा. एका छात्राध्यापकाने असं टिपून मला दाखवलं तेव्हा माझाच घसा कोरडा पडला. चाळीस मिनिटांत त्या मुलीकडे माझी नजर एकदाही गेली नव्हती.

नजरेवरून जेकब कौनिन यांची गोष्ट आठवते. ते मानसशास्त्राचे प्राध्यापक. एकदा त्यांच्या तासाला एक विद्यार्थी पेपर वाचत बसला होता, त्याला ते रागावले. नंतर त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचा काही दोष नव्हता तेही मान खाली घालून बसलेत. एकाला रागावल्याचा बाकीच्यांवर काय परिणाम होतो, या कुतूहलातून त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, वर्गांचं चित्रण करून तपासलं. 1970 मध्ये त्यांनी जे मांडलं ते नवख्या शिक्षकाने उशाशी ठेवावं असं आहे. शिस्त असलेल्या आणि नसलेल्या वर्गांमध्ये शिक्षक रागावतो कसा, यात काही फरक सापडला नाही. फरक होता तो आधीच्या गोष्टींत. वर्गात कुठे काय चाललंय याचा शिक्षकाला असलेला अंदाज, एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं, एका कामातून दुसऱ्या कामात न अडखळता जाणं. थोडक्यात, मुलं म्हणतात ना, 'बाईंना पाठीलाही डोळे आहेत', ते. आता सांगा, टाचणावर डोळे खिळलेल्या माणसाला पाठीला डोळे कुठून फुटणार? हे काही वाचून येत नाही. पण पाठ दुसऱ्यांदा घेताना मजकूर तोंडात बसलेला असतो आणि मान वर होते. मी हे दर वर्षी बघते. दुसऱ्या पाठाला छात्राध्यापक पहिल्यांदा खिडकीजवळच्या बाकापर्यंत चालत जातो.

थांबण्याचंही तेच. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं : शिक्षक प्रश्न विचारून सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात. मूल विचार करायला लागतं तोवर पुढचा प्रश्न, नाहीतर उत्तर शिक्षकाच्याच तोंडून. हा वेळ 3 सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलायला लागली, 'येत नाही' म्हणणं कमी झालं. 1974 मध्ये त्यांनी हे मांडलं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. उभं राहून बघा एकदा. समोर चाळीस चेहरे, मागे निरीक्षक, आणि वर्गात शांतता. ती शांतता नवख्याला आपलं अपयश वाटते. म्हणून तो ती भरून काढतो. "समजलं का?" "होऽऽऽ!" या होकारावर माझा काडीचा विश्वास नाही. वर्गातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न कुठला असेल तर हा.

मग दबाव कुणाचा? मुलांचा नाही. मागच्या बाकाचा. पाठ मुलांना द्यायचा असतो आणि आपण तो निरीक्षकांना देतो. त्यातूनच उत्तरं पेरणं येतं. आदल्या दिवशी दोन हुशार मुलांना बाजूला घेऊन "मी हे विचारलं की तू हे म्हण" असं सांगणारे छात्राध्यापक मी पाहिलेत. त्यांना लबाड म्हणण्याआधी आपण त्यांच्यापुढे काय ठेवलंय ते बघावं. एकदाच संधी, चुकीला जागा नाही, आणि गुण लगेच. अशा वेळी कुणीही सुरक्षित खेळेल. जॉन ड्यूई यांनी 1904 मध्येच या धोक्याबद्दल लिहिलंय. नवख्याला घाईने वर्ग सांभाळायला उभं केलं की त्याचं सगळं लक्ष वर्ग शांत ठेवण्याकडे जातं. मूल नुसतं समोर बघतंय की मनाने तिथे आहे, हे ओळखायला तो शिकत नाही. वर्ग आटोक्यात ठेवायच्या युक्त्या मात्र शिकतो, आणि त्या पुढे जन्मभर पुरतात. हे वाचलं तेव्हा मला माझेच काही सहकारी आठवले. (काही वर्षं मी स्वतःही त्यातलीच.)

जपानमध्ये शिक्षक मिळून पाठाचा अभ्यास करतात ती पद्धत मला म्हणूनच फार आवडते. तिथे पाठ एकट्याचा नसतोच. आखणी सगळ्यांची, एक जण शिकवतो, बाकीचे बघतात, आणि बघतात ते मुलांकडे. नंतर चर्चा होते ती पाठावर, शिकवणाऱ्यावर नाही. पुष्कळदा सुधारलेला पाठ मग दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गावर घेतो. पाठ 'आपला' असला की फसल्याची लाज विभागली जाते, आणि लाज विभागली की माणूस चूक उघडपणे बघू शकतो.

आता आक्षेप. शाळांना वेळ नाही, अभ्यासक्रम संपवायचा असतो, छात्राध्यापक लाटेसारखे येतात आणि जातात. खरं आहे. तोच पाठ त्याच वर्गावर अख्खा पुन्हा घ्या असं मी म्हणतच नाही, मुलं काय तुमच्या प्रयोगाची मडकी आहेत? शेजारची तुकडी असेल तर तिथे घ्या. नसेल तर जो दहा मिनिटांचा तुकडा फसला तेवढाच दुसऱ्या दिवशी वेगळ्या तोंडाने घ्या. त्यात मुलांचंही भलं आहे, कारण त्यांना ते कळलेलं नव्हतंच. आणि हो, संख्येचाही उपयोग असतो, तो मी नाकारत नाही. उभं राहायची भीती जायला काही पाठ लागतातच. पण भीती गेल्यावरही आपण तीच मोजणी चालू ठेवतो.

दोष आम्हा मार्गदर्शक शिक्षकांचाही आहे. छात्राध्यापक आले की आम्हाला हायसं वाटतं. वर्ग त्यांच्या हवाली, आम्ही हजेरीपत्रकं आणि माहितीचे तक्ते भरायला मोकळे. कुणी रजेवर असलं की त्यांनाच ऑफ तासावर पिटाळतात. माझ्या वेळी एका शाळेत आठवडाभर मी नुसती मोकळ्या तासांना फिरत होते, वही कोरी. तेव्हा चरफडले होते. पण कबूल करायला हवं की त्या तासांनी मला पुष्कळ दिलं. मागे कुणी नव्हतं, हातात टाचण नव्हतं, आणि चाळीस मुलं "आज काय करायचं" म्हणून माझ्याकडे बघत होती. तिथे मी पहिल्यांदा मुलांची नावं लक्षात ठेवली. (याचा अर्थ छात्राध्यापकांना फुकटचे बदली शिक्षक करा असा कुणी काढू नये.)

जे सध्या शिकताहेत त्यांना एकच सांगते, वह्या मागा. पाठ झाल्यावर सही घेऊन पळू नका, वर्गाच्या बाईंना म्हणा, "मला या तासाच्या वह्या बघू द्या." कुणीही नाही म्हणणार नाही, उलट तपासणीचं ओझं कमी झालं म्हणून दुवा देतील. परवानगी घेऊन एखाद्या तासाचा स्वतःचा आवाजही रेकॉर्ड करा आणि एकांतात ऐका. मी ऐकला होता. मी विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मीच दिलं होतं, आणि वर "छान!" असंही म्हटलं होतं.

तर ती 'सुटलेली' मुलगी. तिचा शेवटचा पाठ परिमिती आणि क्षेत्रफळाचा होता, आणि मी तो मागे बसून पाहिला होता. 12 सेंटिमीटरच्या दोरीचे वेगवेगळे आयत करायचे. मुलं म्हणाली दोरी तीच, म्हणजे आतली जागाही तेवढीच. तिने घाईघाईने सूत्र सांगितलं, आकडे घालून दाखवले, "समजलं?", "होऽऽऽ". दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "उद्या ब तुकडीवर हाच पाठ घेशील का? निरीक्षक नाहीत. सही नाही."

"वहीत धरणार का, बाई?"

"नाही."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "कालच्या वह्या मिळतील?"

ब तुकडीवर तिने सूत्र सांगितलंच नाही. दोऱ्या वाटल्या, चौकटीचा कागद दिला आणि आतले चौकोन मोजायला लावले. 5 आणि 1 चा आयत, चौकोन 5. 4 आणि 2, चौकोन 8. 3 आणि 3, चौकोन 9. सुरुवात डळमळीत झाली, दोन गटांनी दोरीची भांडणं केली, एकदा ती चिडलीही. पण प्रश्न विचारून थांबत होती. मी मागे बसून मनात आकडे मोजत होते. एक, दोन, तीन.

मग एका मुलीने हात वर केला. पहिल्या बाकांवरची नव्हती. "बाई, मग 6 आणि 0 केलं तर?"

छात्राध्यापिकेने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. तिने टेबलावरची दोरी उचलली, दोन टोकं एकत्र धरली, दुसऱ्या हाताने मधे ताणली आणि वर्गासमोर तशीच धरून उभी राहिली. वर्ग बघत होता. ती काहीच बोलली नाही.